कुणाच्या माथी कुणाचा हात

गणेशपुरी भिवंडी तालुक्यात येते, हे सांगितलं की माणसं दचकतात. भिवंडी म्हणजे यंत्रमाग, गोदामं, खड्डे आणि अंजूरफाट्याची कोंडी. गणेशपुरी म्हणजे गरम पाण्याची कुंडं, नित्यानंदस्वामींची समाधी आणि ध्यानाला बसलेले परदेशी साधक. पण दोघांचीही तहसील कचेरी मात्र एकच.

आम्ही ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून निघालो होतो. मी, माझी भाची, तिचा नवरा आणि गाडी चालवणारे चाचा. चाचा भिवंडीचेच, जुन्या कोकणी मुसलमान घरातले, मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात बोलणारे. भाचेजावई युटा राज्यातल्या प्रोव्हो गावचा, पिढ्यान् पिढ्यांचा मॉर्मन. म्हणजे रीतसर सांगायचं तर चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचा. जावई घरी आला आणि चहा घेत नाही, हा आमच्याकडे एक पेचप्रसंगच. कॉफीही नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. 1833 साली त्यांच्या पैगंबराला तसा दृष्टांत झाला. आईने शेवटी कोकम सरबतावर तह केला.

गणेशपुरी बघायची होती त्यालाच. त्याची एक आत्या ऐन तारुण्यात चर्च सोडून न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ फॉल्सबर्गच्या सिद्धयोग आश्रमात गेली होती. घरात तिचं नाव निघालं की अजूनही आवाज खाली येतात. ज्या गावातून तो योग अमेरिकेत आला, ते गाव त्याला एकदा पाहायचं होतं. मला त्यातली गंमत अशी वाटली की जोसेफ स्मिथचा धर्मही न्यूयॉर्क राज्यातलाच. चौदा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा 1820 साली पाल्मायरा गावाजवळच्या झाडीत गुडघे टेकून विचारतो की इतक्या पंथांतला खरा कुठला, आणि त्याला दर्शन होतं. 6 एप्रिल 1830 रोजी त्याच राज्यात चर्च स्थापन होतं. आत्याबाई म्हणजे फार लांब गेल्याच नव्हत्या.

काल्हेर, पूर्णा करत गोदामांच्या रांगा सुरू झाल्या. कंटेनरच्या मागे गाडी उभी राहिली की बोलायला वेळच वेळ. मी त्याला ह्यू फिंडलेची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती, याचं मला जरा बरंच वाटलं. फिंडले हा स्कॉटिश मॉर्मन धर्मप्रचारक 1852 साली मुंबईला उतरला. पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याला झोडपलं, लष्करी छावण्यांनी दारं लावून घेतली. रेल्वे नुकती 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आली होती. बोरघाट तिला अजून चढायचा होता. त्या दिवसांत हा गडी पुण्याला गेला, मराठी शिकायला बसला आणि 1853 साली तिथे मूठभर माणसांची शाखा उभी केली. 1855 मध्ये मुंबईत त्याने मराठ्यांना उद्देशून एक पत्रकही छापलं. वर्षभरात सगळं आटोपलं. धर्मप्रचारक परतले, अनुयायी पांगले.

‘‘पगार कोण देत होतं त्याला?’’ चाचांनी विचारलं.

कुणीच नाही. आजही त्यांच्या गावपातळीवरच्या चर्चमध्ये पगारी पाद्री नसतो. बिशप म्हणजे एरवी दाताचा डॉक्टर किंवा शाळामास्तर, काही वर्षांसाठी नेमलेला. मुलाला बाराच्या सुमारास याजकपदाची पहिली पायरी मिळते, सोळाच्या सुमारास तो रविवारी पाव आणि पाणी अर्पण करण्याची प्रार्थना म्हणू शकतो. द्राक्षारस नाही, साधं पाणी. ती प्रार्थना मात्र अक्षर न् अक्षर तशीच म्हणायची. शब्द चुकला तर बिशप खूण करतो आणि पोराला सगळ्यांदेखत पुन्हा म्हणावी लागते. भाचेजावयाने हे सांगताना कान पकडल्यासारखं केलं. त्याला बहुधा बऱ्याचदा म्हणावी लागली असणार.

हीच माणसं घरी प्रार्थना करतात तेव्हा मात्र एकही ठरलेलं वाक्य नसतं. सकाळ-संध्याकाळ कुटुंब गुडघे टेकतं, आकाशातल्या पित्याला हाक मारतं आणि मनात येईल ते बोलतं. शेवट येशूच्या नावाने, एवढीच शिस्त. आपल्याकडेही हे दोन कप्पे आहेतच. जात्यावर बसलेली बाई विठ्ठलाशी हवं ते बोलली, कुणी तिचे उच्चार तपासले नाहीत. आणि सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा गोत्र, तिथी, नक्षत्र सगळं जागच्या जागी लागतं. मागणं आपलं, विधी वडिलोपार्जित.

भिवंडी गावात शिरलो. गल्लीच्या तोंडाशी मागांचा खडखडाट कानावर आला की त्यात बोलायची एक वेगळी पट्टी लागते. चाचांना ती जन्मजात आहे. त्यांनी न विचारताच गाडी दिवाणशाहबाबांच्या दर्ग्याकडे वळवली. भिवंडीहून पुढे जाताना इथे सलाम केल्याशिवाय ते जात नाहीत. बाबा विजापूर दरबारी दिवाण होते आणि पद सोडून इथे येऊन राहिले, असं सांगतात. आत गुलाब आणि उदाचा वास. फुलांची चादर घेऊन आलेली एक बाई जाळीला दोरा बांधत होती.

बाहेर पायरीवर बसून भाचेजावयाने चाचांना फोनवर एक यादी दाखवली. कुणी कुणाच्या डोक्यावर हात ठेवून याजकपद दिलं, त्याची. त्याच्यावर त्याच्या वडिलांनी हात ठेवला, वडिलांवर दुसऱ्या कुणी, असं मागे मागे जात नावं जोसेफ स्मिथपर्यंत पोहोचतात. जोसेफला ते कुणी दिलं? त्यांच्या श्रद्धेप्रमाणे 15 मे 1829 रोजी पेन्सिल्व्हेनियात, सस्कहॅना नदीच्या काठी, बाप्तिस्मा करणारा योहान देह धरून उतरला आणि त्याने जोसेफ आणि त्याच्या लेखनिकाच्या डोक्यावर हात ठेवले. पुढे पेत्र, याकोब आणि योहान आले आणि वरचं, मलकीसदेकाचं याजकपद देऊन गेले. त्यांच्यावर येशूने. यादी संपली.

चाचांनी चष्मा वर केला, नावं मोजली. ‘‘हा शिजरा आहे,’’ म्हणाले. ‘‘आमच्या पीरांच्या घरात असतो. मुरीद झालं की देतात. हातात हात देऊन बैअत करायची, आणि तो हात मागे मागे पार हजरत अलींपर्यंत जातो. ह्यांचा फार छोटा आहे ताई. मधली अठराशे वर्षं कुठे गेली?’’

हा प्रश्न मी विचारला असता तर आगाऊपणा झाला असता. चाचांनी विचारल्यावर तो हसला. त्यांचं म्हणणं असं की प्रेषितांनंतर दोर तुटला होता, म्हणून तर वरून माणसं पाठवावी लागली. त्या उत्तरात मला एक विलक्षण गोष्ट दिसली. जोसेफला देवाचं दर्शन 1820 मध्येच झालेलं होतं. तरी पाण्यात उतरवून बाप्तिस्मा द्यायचा अधिकार त्याला नव्हता. त्यासाठी नऊ वर्षं थांबावं लागलं, आणि हाडामांसाचा हात डोक्यावर यावा लागला. दर्शन एकीकडे, अधिकार दुसरीकडे. आमच्या तुकोबांचं असं नव्हतं. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्य स्वप्नात आले, डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला, झालं. जागेपणी कुणाच्या सहीशिक्क्याची गरज उरली नाही. आणि ज्यांच्या हाती सहीशिक्के होते, त्यांनी वह्या बुडवायला लावल्या, ती गोष्ट निराळी.

नदीनाक्यावरून कामवारी ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलो. अंबाडीला डावीकडे वळलं की हवा बदलते. वज्रेश्वरीच्या बावन्न पायऱ्या भाचेजावई एका दमात चढला. मी प्रत्येक टप्प्यावर इतिहास सांगण्याच्या निमित्ताने थांबले. इतिहासही तसा थांबण्याजोगा आहे. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घ्यायचा होता आणि तो पडत नव्हता, तेव्हा चिमाजी अप्पांनी देवीला नवस बोलला की यश दे, मंदिर बांधीन. मे 1739 मध्ये वसई पडली आणि हे किल्ल्यासारखं देऊळ उभं राहिलं.

‘‘आम्ही देवाशी असा करार नाही करत,’’ तो म्हणाला. मग थांबला. ‘‘नाही, करतो. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतो आणि आशीर्वाद मागतो.’’

त्यांच्याकडे प्रार्थनेचं खरं वजन मागण्यापेक्षा विचारण्यावर आहे. मॉर्मनच्या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात वाचकालाच सांगितलेलं आहे की हे खरं की नाही ते देवाला विचार, तो तुला कळवील. ख्रिस्ती पंथात वाढलेल्या मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षी असं विचारायला लावणं, म्हणजे धर्माने आपली परीक्षा त्याच्या हाती देणं. मी कोकणातली. मला लगेच कौल आठवला. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवी पडली तर होकार. तिथे उत्तर साऱ्या गावासमोर पडतं, पाकळी कुठली पडली ते पोरंसोरंही पाहतात. यांच्याकडचं उत्तर मात्र छातीच्या आत येतं. एक ऊब, एक स्वस्थपणा.

‘‘आणि तुझ्या मनाचेच खेळ असले तर?’’ मी विचारलं.

‘‘मावशी, हे मी रोज विचारतो,’’ तो म्हणाला. भाचीकडून तो मावशी म्हणायला शिकलाय, जवळजवळ जमतं.

त्यांच्या चर्चने त्यावर एक कुंपण घातलं आहे. प्रत्येकाला साक्षात्कार होऊ शकतो, पण आपापल्या हद्दीपुरता. आई-बापाला लेकरांबद्दल, बिशपला त्याच्या मंडळीबद्दल; साऱ्या चर्चबद्दल फक्त अध्यक्षाला, ज्याला ते पैगंबर आणि द्रष्टा मानतात. व्यवस्था म्हणून शहाणपणाची, पण वरचा निरोप उशिरा आला तर खालच्याने किती थांबायचं? कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद द्यायचं नाही असं तेव्हाचा अध्यक्ष ब्रिगहॅम यंग याने 1852 मध्ये जाहीर केलं. ते देण्याचा साक्षात्कार जून 1978 मध्ये झाला. मी नाक मुरडणार होते, पण पंढरपूर आठवलं. विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. बडव्यांनाही देवाचा निरोप वेळेवर पोहोचला नव्हता.

गणेशपुरी तिथून जवळच, तानसेच्या काठाने. गावात इडली-डोशाच्या टपऱ्या दिसतात, कारण नित्यानंद मूळचे केरळचे आणि त्यांच्यामागे कर्नाटकातले, मुंबईतले दाक्षिणात्य भक्त मोठ्या संख्येने आले. 1936 च्या सुमारास ते या भागात आले तेव्हा इथे भीमेश्वराचं देऊळ, कुंडं आणि रान. स्वामी फार कमी बोलत. गावातल्या आदिवासी पोरांना जेवू घालायचा त्यांचा पायंडा आजही चालू आहे. 8 ऑगस्ट 1961 रोजी त्यांनी देह ठेवला. समाधीसमोर बसलेल्यांत निम्मे लोक डोळे मिटून होते आणि निम्मे मोबाइलवर. पूर्वी निम्मे वाती वळत असतील.

भाचेजावयाच्या आत्याचा धागा नित्यानंदांचे शिष्य मुक्तानंद यांच्याशी जुळतो. 15 ऑगस्ट 1947 च्या सकाळी, देश वेगळ्याच गोष्टीत मग्न असताना, नित्यानंदांनी त्यांना आपल्या पायांतल्या पादुका दिल्या आणि डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. त्या नजरेतून किरण आत शिरला, असं मुक्तानंदांनी ‘चित्शक्तिविलास’ या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. शक्तिपात म्हणतात तो हा. गुरूच्या स्पर्शाने, नजरेने, शब्दाने किंवा नुसत्या संकल्पाने शिष्याच्या आतलं काही जागं होणं. 1956 मध्ये गणेशपुरीजवळ तीन खोल्यांचा आश्रम मिळाला, 1970 पासून जगभर दौरे सुरू झाले, आणि हजारो अमेरिकनांनी डोक्यावर मोरपिसांचा कुंचा टेकवून घेतला. त्यात आत्याबाईही असणार.

2 ऑक्टोबर 1982 रोजी मुक्तानंद गेले. दोन वारस, भाऊ आणि बहीण, त्यांनी आधीच नेमले होते. तीन वर्षांत भाऊ बाजूला झाला आणि त्यावरून कडवट वाद पेटला. मुक्तानंदांच्या वागणुकीबद्दलचे गंभीर आरोपही त्यांच्या पश्चात अमेरिकन नियतकालिकांनी छापले. आश्रमाच्या बंद फाटकाबाहेर उभं राहून मी हे सांगितलं तेव्हा भाचेजावयाला नवल वाटलं नाही. 27 जून 1844 रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला मारलं, तेव्हा त्यांच्याकडेही हेच झालं. कुणी म्हणालं बारा प्रेषितांचं मंडळ, कुणी म्हणालं पैगंबराचा मुलगा. बहुतेक लोक ब्रिगहॅम यंगमागे गेले आणि जुलै 1847 पासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचू लागले; बाकीच्यांनी आपली वेगळी चर्चं काढली. हातावरून हात चालत आलेल्या अधिकाराचा हा जुना रोग आहे. एक हात उचलला गेला की खाली दोन डोकी पुढे येतात.

कुंडावर गर्दी बेताची होती. गंधकाचा वास, वाफ, आणि पाय बुडवून बसलेली संधिवाताची मंडळी. मीही त्यांच्यातलीच. भाचेजावई पाण्याकडे बघून म्हणाला, इथे बाप्तिस्मा देता येणार नाही, माणूस भाजून निघेल. त्यांच्याकडे आठव्या वर्षी बाप्तिस्मा होतो, पूर्ण बुडवून. दोन साक्षीदार काठावर उभे राहतात. पायाचा अंगठा जरी वर राहिला तरी पुन्हा बुडवतात. मेलेल्यांसाठीही ते हा विधी करतात. मंदिरात बारा बैलांच्या पाठीवर पेललेलं एक कुंड असतं, आणि त्यात जिवंत माणूस पणजोबाच्या नावाने बुडी घेतो. स्वीकारायचं की नाही ते पणजोबाने ठरवायचं.

‘‘आमच्याकडे ते कावळा ठरवतो,’’ मी म्हणाले. पिंड, दर्भ, कावळा न शिवल्यावर घरच्यांचे उतरलेले चेहरे, मग कुणीतरी हात जोडून ‘तुमच्या धाकटीचं आम्ही बघू’ म्हणणं, सगळं सांगितलं. तो इतका मन लावून ऐकत होता की मला आमचे कावळे एकदम मोठ्या हुद्द्यावरचे वाटायला लागले.

तिथेच, पाय पाण्यात सोडून बसलेलं असताना, भाचीने त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यातली लोखंडी कुपी मला दाखवली. करंगळीच्या पेराएवढी. त्यात ऑलिव्हचं मंत्रून घेतलेलं तेल. कुणी आजारी असेल तर दोन याजक जातात. एक जण टाळूवर तेलाचा थेंब लावून थोडक्यात, ठरलेल्या पद्धतीने नाव घेऊन अभिषेक करतो. दुसरा, बहुधा दोघांचेही हात डोक्यावर असताना, त्यावर मोहोर लावतो आणि मग आशीर्वाद देतो. या आशीर्वादाला ठरलेले शब्द नाहीत. त्या क्षणी जे सुचवलं जाईल ते बोलायचं.

‘‘आणि काही सुचवलंच नाही तर?’’

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने वडिलांची गोष्ट सांगितली. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. वडिलांनी स्वतः सांगितलं, तूच दे. काकाने तेल लावलं, याने डोक्यावर हात ठेवले. तुम्ही बरे व्हाल, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. आई समोर बसली होती, तिला तेच ऐकायचं होतं. ‘‘मला ते म्हणता येईना. कुणी अडवत नव्हतं. फक्त ते वाक्य माझं होतं, दिलेलं नव्हतं.’’ मग तो बोलला ते एवढंच, की तुम्हाला शांती मिळेल आणि आईला सांभाळणारी माणसं मिळतील. आमेन म्हटल्यावर वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्यांनीही आयुष्यभर असे आशीर्वाद दिले होते. कुठलं वाक्य आलं नाही, ते त्यांना कळलं.

दिवसभर मी याद्या, शिजरे, पादुका ऐकत होते आणि मला वाटत होतं की अधिकार मिळाला म्हणजे बोलण्याचा परवाना मिळाला. या पोराच्या बाबतीत उलटं झालं होतं. अधिकार नसता तर तो मुलगा म्हणून हवं ते बोलू शकला असता, बाबा तुम्ही ठणठणीत व्हाल, असं. डोक्यावर हात ठेवायचा हक्क होता म्हणून तोंड सांभाळावं लागलं. आमच्याकडचा जुना गुरवही पाकळी डावी पडली तर यजमानाला आवडणारं उत्तर सांगत नाही.

परतताना भाची बोलायला लागली. ती मॉर्मन झालेली नाही, व्हायची शक्यताही मला दिसत नाही. वाचते मात्र त्याच्यापेक्षा जास्त. बायकांना याजकपद नाही, हे तिला खुपतं. ते मागणाऱ्या एका चळवळीच्या संस्थापक बाईंना जून 2014 मध्ये चर्चने बाहेर काढलं. ‘‘पण मावशी, एकोणिसाव्या शतकात बायका तेल लावायच्या. आजाऱ्यांना आणि बाळंतपणाला टेकलेल्या बायकांना तर त्याच. एकमेकींच्या पोटाला तेल लावून आशीर्वाद द्यायच्या. हळूहळू ते कमी केलं आणि 1946 मध्ये वरून पत्र आलं की आता याजकांनाच बोलवा.’’ मी तिला बहिणाबाई सिऊरकर सांगितली. नवऱ्याचा विरोध, तुकोबांची भेट अशक्य, म्हणून तिने तुकोबांकडून स्वप्नात उपदेश घेतला. स्वप्नाला कुणाची परवानगी लागत नाही. ‘‘म्हणजे बायकांनी झोपेतच मिळवायचं,’’ भाची म्हणाली. तिला सहजी काही पटत नाही, आमच्या घरचंच रक्त आहे.

अंबाडीच्या पुढे भाचेजावयाच्या लक्षात आलं की कुपी कोरडी आहे. विमानप्रवासात झाकणातून तेल झिरपून गेलं होतं. कुठलंही शुद्ध ऑलिव्ह तेल चालतं, दुकानातून आणायचं आणि मलकीसदेकाच्या याजकाने त्यावर प्रार्थना म्हणायची. चाचांनी भिवंडीत एका मेडिकलसमोर गाडी लावली. भाची आणि मी आत गेलो. दुकानदाराने मागच्या फळीवरून पिवळा डबा काढला, पदराने पुसावा तसा बाहीने पुसला आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘बाळ केवढं आहे, आजी? पहिल्या महिन्यात टाळूवर भरपूर जिरवायचं. लावणार कोण, तुम्हीच ना?’’

भाचीने डबा माझ्या आधी उचलला. ‘‘मीच लावणार आहे,’’ ती त्याला म्हणाली आणि पैसे काढायला लागली.